वजाचं चिन्ह आणि माझी सही

सही माझी होती. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांच्यात मीसुद्धा आहे, आणि ते शेवटी लाजत-लाजत कबूल करण्यापेक्षा सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

तेव्हा मी नालासोपाऱ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये प्राचार्यांचा फोन आला तर मी शिक्षिका, नाही आला तर घरी. अशी सहा वर्षं झाली होती. लॅब तिसऱ्या मजल्यावर होती. वीस कॉम्प्युटर, त्यातले चौदा-पंधरा चालू. खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची गॅलरी, तिथे सतत कुणाचे तरी कपडे वाळत असायचे. पहिल्या वर्षाच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. ती लॅबमधल्या त्या दोन तासांवर अक्षरशः तुटून पडायची.

त्या वर्गात समुद्रकाठच्या राजोडीहून येणारी एक मुलगी होती. वडील बोटीवर जायचे, आई मासे विकायची. डोक्यावर टोपली घेऊन बिल्डिंगी-बिल्डिंगी फिरायची. मुलगी बुद्धीने तल्लख होती पण वर्गात फार बोलायची नाही. कारण उघड होतं. ती बोलली की मागच्या बाकांवरून कुणीतरी तिचा शब्द उचलून परत म्हणायचं. तिच्या तोंडी ण नव्हता. पाणी ती पानी म्हणायची, कोण ती कोन म्हणायची. तिच्या गावात सगळेच तसं म्हणतात. मी मागच्या बाकांना दम भरायचे, ती मुलं दोन दिवस गप्प बसायची, आणि पुन्हा तेच.

एके दिवशी मी ॲरे शिकवत होते. आकड्यांची एक ओळ, एकामागून एक ठेवलेली. त्या सगळ्या आकड्यांच्या केवलमूल्यांची बेरीज काढायची होती. केवलमूल्य म्हणजे आकड्यासमोरचं वजाचं चिन्ह सोडून द्यायचं आणि तो शून्यापासून किती लांब आहे तेवढंच बघायचं. फळ्यावर मी चार आकडे लिहिले. चार, उणे सात, दोन, उणे तीन. साधी बेरीज केली तर उणे चार येते. केवलमूल्यांची केली तर सोळा.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पण असं चिन्ह टाकून देऊन फायदा काय? खरी बेरीज तर उणे चारच ना?"

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात ती बोलली. हात वर न करता, जागेवर बसूनच.

"माझी आई सकाळी टोपली घेऊन घरातून निघते आनि दुपारी घरी परत येते. गेली तेवढी आली. बेरीज शून्य. मग तिचे पाय कशाला दुखतात?"

वर्ग हसला. मग हसणं आपोआप थांबलं, कारण सगळ्यांना एकदम कळलं. मी इतकी वर्षं शिकवत होते, पण इतकं चांगलं उदाहरण मला सुचलं नव्हतं. त्यानंतर मी फळ्यावर प्रोग्रॅम लिहिला. आकडा शून्यापेक्षा लहान असेल तर त्याला उणे एकने गुणा, मग तो बेरजेत मिळवा. ती वहीत बघत म्हणाली, "मॅडम, गुनायचं कशाला? उने असला तर बेरजेतून सरळ वजा करायचा. उने आकडा वजा केला की मिळवल्यासारखाच होतो."

बरोबर होतं. गुणाकाराची गरजच उरत नव्हती. मी तिचा प्रोग्रॅम पडद्यावर चालवून दाखवला, उत्तर सोळा आलं. वर्गाला सांगितलं की हाच उतरवून घ्या, हा माझ्यापेक्षा चांगला आहे. त्या दिवशी ती जाताना पायऱ्यांवर मैत्रिणीशी मोठ्याने बोलत होती, हे मला आठवतं.

एप्रिलमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या कॉलेजातले, पन्नाशी ओलांडलेले. कॉलरमध्ये रुमाल, हातात लाल पेन. ते तासभर उशिरा आले. मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या, आणि तिच्या चिठ्ठीवर नेमका तोच प्रश्न आला. ॲरेमधल्या आकड्यांच्या केवलमूल्यांची बेरीज काढा. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. मीही हसले.

वीस मिनिटांत लाइट गेली. यूपीएसवाले कॉम्प्युटर थोडा वेळ टिटिट करत राहिले आणि तेही बंद झाले. पंखे थांबले. एप्रिलची दुपार, पंधरा मुलं, आम्ही दोघं, आणि समोरच्या गॅलरीमुळे वाऱ्याला वाट नाही. परीक्षक म्हणाले, "कागदावर लिहायला सांगा. मी बघतो."

मी म्हटलं, "सर, प्रोग्रॅम चालवून उत्तर बघायचं असतं ना? थोडं थांबू या. येईल लाइट."

"मॅडम, मला अजून एक बॅच घ्यायची आहे. मी बघतो म्हटलं ना."

मुलांनी कागदावर लिहिलं. मग तोंडी परीक्षेसाठी एकेकाला टेबलापाशी बोलावणं सुरू झालं. मी परीक्षकांच्या शेजारच्या खुर्चीत होते. तिची पाळी पाचवी की सहावी. ती येऊन उभी राहिली. त्यांनी कागद घेतला, समोर नमुना उत्तरं होती त्यांच्याशी ताडून बघितला. नमुना उत्तरात तयार फंक्शन वापरलं होतं, एका शब्दात काम होतं. हिच्या कागदावर मात्र वजाचं चिन्ह होतं.

"कुठून येतेस?"

"राजोडी, सर."

"अच्छा, बीचवरून." आणि कागदावर पेन टेकवून, "हे काय केलंस? प्रश्नात काय मागितलंय?"

"बेरीज, सर."

"मग तू वजाबाकी करून ठेवलीस."

"नाय सर. आकडा उने असेल तेव्हाच वजा केलाय. उने आकडा वजा केला की तो मिळवला जातो."

त्यांनी पुन्हा कागदाकडे बघितलं. पेन हवेत थांबलं. मी अगदी शेजारी होते, माझ्यापासून त्यांचा हात वीतभर लांब होता. ते मनातल्या मनात एक आकडा धरून ती ओळ करून बघत होते, त्यांचे ओठ हलत होते. आणि मग ओठ थांबले. त्यांना कळलं. हे मी कुठेही, कुणाहीसमोर सांगायला तयार आहे. ते चुकले असते तर मी एवढा राग धरून बसले नसते. चुका मीही करते. पण त्यांना कळलं होतं, आणि पंधरा मुलांसमोर, राजोडीच्या मुलीसमोर, "हो, बरोबर आहे तुझं," एवढं म्हणणं त्यांना जड गेलं.

ते म्हणाले, "पाठ केलेलं असेल. मला समजावून सांग. उणे म्हणजे काय?"

ती बिचारी खरंच समजावायला लागली. "सर, समजा भरतीला पानी चार फूट वर आलं..."

"काय आलं?"

"पानी."

"पानी नाही. पाणी. म्हण."

तिने कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"अगं, म्हण ना. पाणी."

"पाणी."

"परत."

"पाणी."

"बघा, येतंय की. कॉलेजात आलीस, आता एवढं तरी यायला पाहिजे." आणि ते मुलांकडे बघून हसले. मुलं हसली. परीक्षकांच्या हसण्यावर कोण हसणार नाही? त्यांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. तिने म्हटलं. मग त्यांनी कागदावरच्या वजाच्या चिन्हाभोवती लाल वर्तुळ काढलं, प्रोग्रॅमला शून्य दिलं, तोंडी परीक्षेला वीसपैकी दोन.

आणि मी काय करत होते? मी हजेरीपटाकडे बघत होते. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. सगळी नावं होती, सगळे हजर होते.

बॅच संपता संपता लाइट आली. पंखे फिरायला लागले. मी म्हटलं, "सर, ती एक मुलगी... तिचा प्रोग्रॅम एकदा चालवून बघू या का? दोन मिनिटांचं काम आहे." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"मॅडम, तुम्ही नवीन आहात का?"

"नाही सर. सहा वर्षं झाली."

"मग तुम्हाला माहीत असेल." एवढंच. काय माहीत असेल ते सांगितलं नाही. गुणांचा तक्ता माझ्याकडे सरकवला. त्यावर दोन सह्या लागतात, बाहेरच्या परीक्षकांची आणि आतल्याची. आतली मी. मी सही केली.

लोक विचारतात तेव्हा मी जूनचं कारण देते. जूनमध्ये फोन यायला हवा होता, कॉलेजला बाहेरच्या परीक्षकांशी वाकडं नको असतं, हे सगळं खरंच आहे. पण खरं कारण त्याच्याही मागचं आहे आणि ते मला आवडत नाही. मी वसईतल्या वाडीवाल्यांच्या घरातली. केळी, चाफा, पानवेली, विहिरीवरचा पंप, असं घर. आमच्या घरात आमची वेगळी बोली होती. अजून आहे, आई अजून तीच बोलते. तिसरीत असताना एका बाईंनी मला वर्गासमोर उभं करून माझं एक वाक्य दहा वेळा "शुद्ध" म्हणायला लावलं होतं. कोणतं वाक्य ते आता आठवत नाही, मुलींचं हसणं आठवतं. त्यानंतर मी शाळेच्या दारात बोली काढून ठेवायला शिकले आणि पुढे कॉलेजात, नोकरीत, सासरी कुठेच ती परत घातली नाही. ते गृहस्थ त्या मुलीला "परत म्हण" म्हणाले, तेव्हा माझे हात गार पडले. त्या खुर्चीत मी तिसरीतली झाले होते. तिसरीतली मुलगी परीक्षकांना काय सांगणार?

हे कारण आहे. माफी नाही. मी चाळिशीची बाई आहे, मला तो प्रोग्रॅम बरोबर आहे हे ठाऊक होतं, आणि माझ्याजवळ तोंड होतं.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला आणि तिचा प्रोग्रॅम टाइप केला. चालवला. सोळा. आकडे बदलले, बरोबर. सगळे उणे घातले, बरोबर. सगळे शून्य, बरोबर. शंभर आकडे घातले, तरी बरोबर. मी एकेक उत्तर बघत होते आणि दर वेळी माझा राग वाढत होता. कुणाला सिद्ध करून दाखवत होते मी? स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा मी भांडं इतक्या जोरात आपटलं की त्याच्या कडेला पोचा आला. ते भांडं मी नंतर टाकून दिलं.

मे महिन्यात निकाल लागला. ती प्रॅक्टिकलमध्ये नापास, बाकी सगळ्यात पास. पुढच्या वर्षाचा फॉर्म भरायला मुलं आली, ती आली नाही. तिच्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, ती राजोडीलाच रिसॉर्टमध्ये काम करते शनिवार-रविवार. बाकीचे दिवस आईबरोबर. कॉलेज नको म्हणते."

मी रविवारी राजोडीला गेले. सुट्टीची गर्दी होती, मुंबईकडच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लावलेल्या, किनाऱ्यावर घोडे आणि बर्फाचे गोळे. विचारत-विचारत मागच्या गल्लीत शिरले तर तिथे गर्दीचा मागमूस नाही. अंगणात बारीक कोळंबीचा जवळा वाळत घातला होता आणि तिची आई खाली बसून तो हाताने पसरत होती. मी कोण ते सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"तुमी त्या मॅडम का? परीक्षेत बसलेल्या?"

"हो."

"मंग आता कशाला आलांत?"

मी म्हटलं मला तिच्याशी बोलायचं आहे. तिने मला बस म्हटलं नाही. आत हाक मारली. मुलगी कामावर निघायच्या तयारीत होती, रिसॉर्टचा निळा शर्ट घातलेला. तिने मला बघितलं आणि उंबऱ्यातच थांबली.

मी तयारी करून गेले होते. एकेक वाक्य रस्त्यात घोकलं होतं. त्यातलं एकही बोलता आलं नाही, कारण विचारायला तिनेच सुरुवात केली.

"तुम्ही तिथेच होतात ना, मॅडम?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं ना, माझं बरोबर आहे ते?"

"हो."

"मग?"

ती वाट बघत उभी राहिली. तिने मला सुटू दिलं नाही, आणि बरोबर केलं. मग म्हणाली, "मार्कांचं जाऊ दे. मला तीनदा म्हनायला लावलं तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही खाली बघितलं."

आईने जवळा पसरता-पसरता मान वर केली. "काय म्हनायला लावलं?"

मुलीने घरी हे सांगितलंच नव्हतं. फक्त नापास झाले एवढं सांगितलं होतं. आता तिने सांगितलं, तुटक, दोन वाक्यांत. आईने ऐकलं आणि मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. तिच्या बोलीतल्या शिव्या मला सगळ्या कळल्या. माझ्या आईच्या बोलीतल्या शिव्यांच्या त्या बहिणीच लागतात. तिने बोलावं म्हणून मी उभी राहिले. ती थांबली तेव्हा मी म्हटलं, "मी लेखी देते. झालं ते सगळं. माझी सही चुकीची होती हेही."

मुलगी म्हणाली, "द्या. पन माझ्यावर दया करा असं लिहू नका. तुमची चूक तेवढी लिहा."

मी तसंच लिहिलं. एक पान. प्रश्न काय होता, तिने काय लिहिलं, ते का बरोबर आहे, परीक्षक काय म्हणाले, लाइट केव्हा आली, मी काय केलं, काय केलं नाही. सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. प्राचार्य माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, थकलेल्या बाई, वाईट नव्हत्या. त्यांनी दोनदा वाचलं.

"सही तुम्ही केलीत म्हणजे तुम्हाला मान्य होतं. आता म्हणता मान्य नव्हतं. मग खोटी सही कोणती, तेव्हाची की आताची?"

"तेव्हाची."

"असं लिहून देता तुम्ही? अहो, जूनचं वेळापत्रक अजून ठरायचंय." धमकी म्हणून म्हणाल्या नाहीत त्या, काळजीनेच म्हणाल्या. पण धमकीपेक्षा ती काळजी मला जास्त झोंबली.

मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला. "मॅडम, मनाला येतील ते आकडे सांगा. थोडे उणे, थोडे अधिक."

"मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही."

"बेरीज कळते ना? सांगा."

त्यांनी सांगितलं. उणे पाच, आठ, उणे एक. मी टाइप केलं. त्यांनी बोटांवर मोजलं, चौदा. पडद्यावरही चौदा. मी ती वजाची ओळ दाखवली आणि उणे पाच वजा केल्यावर काय होतं ते पेन्सिलीने कागदावर लिहून दाखवलं. सातवी-आठवीचं गणित. त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं.

"हे तर बरोबर आहे."

"हो."

"मग त्यांना कसं कळलं नाही?"

"त्यांना कळलं होतं, मॅडम."

प्राचार्यांनी पत्र पुन्हा हातात घेतलं. मग त्यांनी ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवलं. त्यांनी ते दाबून ठेवलं नाही, एवढं श्रेय मी त्यांना देते.

उत्तर यायला दीड महिना लागला. तोवर मी तीनदा विचारायला गेले आणि तिन्ही वेळा मला बाहेरच्या बाकावर बसवलं. उत्तर एका ओळीचं. सदर विद्यार्थिनीस विशेष बाब म्हणून फेरपरीक्षेस बसण्याची मुभा देण्यात येत आहे. विशेष बाब! जणू ती आजारी पडली होती. जणू तिने काही मागितलं होतं आणि यांनी मोठ्या मनाने दिलं होतं. चूक झाली, गुण परत देतो, ही अक्षरं कुठेही नव्हती. परीक्षकांचा उल्लेख नव्हता. माझा नव्हता. लाल वर्तुळाचा तो कागद गठ्ठ्यातून शोधून पुन्हा तपासा असं मी लिहिलं होतं, त्याला उत्तरच नव्हतं. ते पत्र हातात धरून मी कॉलेजच्या जिन्यात उभी होते आणि मला खरोखर काहीतरी फोडावंसं वाटत होतं.

मला वाटलं ती नाही म्हणेल. फोनवर मीच तिला म्हटलं, "नको बसू. आपण पुन्हा लिहू या. गुण तुझे आहेत."

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही लढत बसाल. माझं वर्ष जाईल. मी बसते."

फेरपरीक्षेला एक तरुण परीक्षक बाई आल्या होत्या. त्या दिवशी लाइट गेली नाही. प्रश्न वेगळा होता, पण त्यातही उणे आकडे होते आणि तिने पुन्हा आपल्याच पद्धतीने सोडवला. बाईंनी प्रोग्रॅम चालवायला लावला, उत्तर बघितलं, एक प्रश्न विचारला, मान हलवली. पुढची मुलगी. सगळं मिळून चार मिनिटंही लागली नसतील. मी कोपऱ्यात उभी राहून घड्याळ बघत होते. एवढ्याशा चार मिनिटांसाठी एका मुलीचा उन्हाळा गेला होता.

त्या जूनमध्ये मला फोन आला, पण तासिका निम्म्या. नवीन उमेदवार मिळालेत म्हणाले. त्याच्या पुढच्या जूनमध्ये फोन आला नाही. आता मी स्टेशनजवळच्या एका खाजगी क्लासमध्ये शिकवते. यात शौर्य वगैरे काही नाही. त्या दिवशी टेबलापाशीच बोलले असते तर ते शौर्य झालं असतं.

ते परीक्षक मला एकदाच भेटले, निम्म्या तासिकांच्या त्या वर्षी, वसईतल्या एका पेपर तपासणीच्या केंद्रावर. दुपारच्या सुट्टीत चहा चालला होता. त्यांनीच मला ओळखलं.

"तुम्ही नालासोपाऱ्याच्या ना? काय उकडत होतं हो त्या दिवशी!"

उकाडा लक्षात होता.

मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही एका मुलीला चुकीचं शून्य दिलंत. आणि पाणी म्हणायला लावलंत. तीनदा."

"कोणत्या मुलीला?"

मी सांगितलं. राजोडीची, केवलमूल्यांची बेरीज, वजाचं चिन्ह. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला, आणि त्यांना काही आठवलं नाही. "अहो मॅडम, दिवसाला साठ-साठ मुलं बघतो आपण. एखादं होतं इकडे-तिकडे. राग धरू नका."

"धरलाय," मी म्हटलं. "तुम्हाला तेव्हा कळलं होतं. तुमचं पेन थांबलं होतं. मी बघितलं."

आजूबाजूच्यांनी वळून बघितलं. परीक्षक हसले, मग हसणं जुळेना म्हणून त्यांनी कप खाली ठेवला आणि "तुमची तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. मी म्हटलं, "उत्तम आहे. तुम्ही तिची माफी मागा." ते उठून गेले. त्यांनी माफी मागितली नाही, पुढेही नाही. मी परत माझ्या गठ्ठ्यापाशी येऊन बसले. या वेळी हात गार पडले नव्हते. त्या दिवशी दुपारभर मी पेपर तपासले आणि प्रत्येक पेपर दोनदा तपासला.

लोक सांगतात, सोडून द्या, मुलगी पास झाली, झालं गेलं. मला सोडायचं नाही. राग गेला तर मी पुन्हा हजेरीपटाकडे बघायला लागेन अशी मला भीती वाटते.

यंदा ती शेवटच्या वर्षाला आहे. मध्ये तिचं-माझं बोलणं जवळजवळ नव्हतं. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. एका कंपनीत इंटर्नशिपसाठी अर्ज करते आहे, शिकवलेल्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, द्याल का? मी त्याच दिवशी लिहिलं. मनापासून लिहिलं, चांगलं लांबलचक. ती क्लासवर घ्यायला आली. उभ्या-उभ्या वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं की ही मुलगी मच्छीमार कुटुंबातून, अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून पुढे आली आहे.

"हे कशाला?"

"खरं आहे ना ते?"

"माझ्या घरी काय प्रतिकूल हाय, मॅडम? आई हाय, बाबा हाय, बोट हाय. मला काय येतं तेवढंच लिहा ना."

मी ती ओळ काढली. त्या जागी तिला कोणकोणत्या भाषांत प्रोग्रॅम लिहिता येतात ते घातलं, आणि दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका ती किती लवकर शोधते, तेही. नवीन पान छापून तिच्या हातात दिलं. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, एका ठिकाणी माझं व्याकरण चुकलं होतं ते दाखवलं. मी तेही दुरुस्त केलं. मग ती पान दुमडू नये म्हणून फाइलमध्ये घालून, पाच वाजताची बस गाठायला निघून गेली.